देवाच्या मळ्याचे कारभारी

सुगी संपून धान्य घरात आले म्हणजे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीचा सण साजरा होतो. १८२० साली लंडन मिशनने बेळगावात कार्य आरंभिले. तेव्हापासून वाढत आलेल्या आपल्या भागातील मंडळ्यांनाही हा सण परिचित आहे. त्या दिवशी वेदीपुढे भाताच्या लोंब्या, जोंधळ्याची कणसे, उसाची कांडी, भुईमुगाच्या शेंगा व भोपळे मांडतात. ज्याच्यापाशी शेत नाही तो चार अंडी किंवा ओंजळभर तांदूळ आणतो. उपासनेनंतर या जिनसांचा लिलाव होऊन ती रक्कम सत्कार्यास लागते. हा नुसता आनंदोत्सव नव्हे. पिकामागे कष्ट आपले खरे. परंतु पाऊस, माती आणि बीजातील अंकुरशक्ती आपण निर्माण केलेली नाही, अशी ती कबुली होय.

परंतु उपकार मानले म्हणजे ऋण फिटले काय? बायबल तसे मानीत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीत उपयोग घेणे आले. राखणीत ती उजाड होऊ न देणे आले. मराठी बायबलातील 'कारभारी' हा शब्द हे नाते नेमके सांगतो. एखादा गावकरी नोकरीसाठी मुंबईस जाताना आपली जमीन धाकट्या भावाच्या हवाली करतो. भावाने ती पिकवावी, खावी. परंतु बांध फुटू देऊ नये, बांधावरचा आंबा तोडून विकू नये. थोरला भाऊ परत आला म्हणजे हिशेब द्यावाच लागतो. मनुष्याचे पृथ्वीशी नाते असेच आहे. तो मालक नव्हे, कारभारी आहे.

या कारभाराचे नियमही बायबलात सापडतात. शेताच्या कडेपर्यंत सारे पीक कापू नये, खाली पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. विधवा रूथ असाच सरवा वेचून सासूला जगवीत होती. सातव्या वर्षी जमीन पड ठेवून तिला विसावा द्यावा, असेही तेथे सांगितले आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, तेव्हा बारा टोपल्या भरल्या. ज्याने विपुल दिले, त्यानेच काही वाया जाऊ दिले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली असा आक्षेप घेतला की, सृष्टीवर सत्ता चालविण्याच्या बायबलातील आज्ञेमुळेच पाश्चात्त्यांनी निसर्गाची लूट केली. हा आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. त्या आज्ञेचा तसा अर्थ पुष्कळांनी लावला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात तो अर्थ चुकीचा ठरविला आणि पृथ्वी हे सर्वांचे सामाईक घर आहे, असे प्रतिपादिले.

याचे उत्तर ग्रंथापेक्षा कृतीत अधिक स्पष्ट दिसते. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी महाराष्ट्राच्या दुष्काळी मुलखात पाणलोट विकासाचे कार्य उभारले. १९९३ साली त्यासाठी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत ग्रामस्थांनी डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. मेंढरांवर ज्याचे पोट, त्याला चराईबंदी म्हणजे केवढा त्याग! परंतु वाहून जाणारे पाणी मुरू लागले आणि उजाड माळ हिरवे झाले. आपल्याच बेळगाव तालुक्यात कट्टणभावी परिसरात शिवाजी कागणीकर यांनी गावकऱ्यांना साथीस घेऊन पाणी अडविण्याचे व वृक्षारोपणाचे कार्य केले. कारभारीपण कोणत्याही एका धर्माची मिरास नाही, हेच यावरून दिसते.

आपल्या भागाला या शिकवणीची निकड आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराने बेळगाव जिल्ह्यातील घरे व पिके बुडविली. २०२३ साली पाऊस रुसला आणि कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. परंतु पडलेला थेंब अडविणे, नदीत कचरा न टाकणे, ताटात अन्न न टाकणे हे खचित आपल्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रहो, शाळेचा नळ गळताना दिसला तर तो बंद करून पुढे जा. कोणी पाहिले नाही तरी चालेल. वेदीपुढे ठेवलेल्या कणसाइतकीच तीही कृतज्ञता होय. आणि उद्या जो हिशेब द्यावयाचा, त्यात ती जमेच्या बाजूस लिहिली जाईल.