वाड्यात स्त्रियांचा इतिहास कसा मांडावा?

श्रोतेहो, संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढाली-तलवारी, नाणी, ताम्रपट येतात. त्याच घरांत जातेही होते, पाळणा होता, पाण्याचा रांजण होता. पण ती चीजवस्तू वापरून झिजली, फुटली, मोडीत गेली. त्यामुळे जुन्या वास्तूत स्त्रियांचा इतिहास मांडावयाचा, तर दाखवावयाचे काय, हीच पहिली अडचण.

पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुल्यांचा वाडा घेऊ. आज तेथे काय आहे त्यावर टीका म्हणून नव्हे, केवळ उदाहरण म्हणून. समजा, तेथे सावित्रीबाईंच्या कार्याचे एक दालन सजवावयाचे आहे. मोह कसा होतो पाहा. जुन्या बाजारातून लुगडे आणावे, समई आणावी आणि मध्ये पुतळा बसवावा. येणारा माणूस हात जोडतो, लुगडे सावित्रीबाईंचेच असे समजतो आणि घरी जातो. माझ्या मते हा खोटा साक्षीदार उभा करण्याचाच प्रकार झाला. वस्तू नुसती त्या काळची असेल, तर 'त्या काळातील, सावित्रीबाईंची नव्हे' असे पाटीवर ठळक लिहावे. पत्राची नक्कल असेल तर नक्कल म्हणावे. त्यात कमीपणा कसला?

मग खरे उरते काय? वास्तू उरते आणि कागद उरतात. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. आता विचार करा, घरोघरी पाणी भरण्याचे काम कोणाचे? बायकांचे. म्हणजे घागर घेऊन तेथवर यायचे धाडस बहुधा त्यांनाच करावे लागले असणार. पाण्यापाशी एक साधी घागर आणि एवढाच प्रश्न लिहिलेली पाटी ठेवली, तर पुतळ्यापेक्षा ती अधिक बोलेल.

कागदांचेही तसेच. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांचे दुःख तिने मांडले होते. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लावावा. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते, तेही दाखवावे.

सर्वांत अवघड आहे ते १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह. फसलेल्या विधवांना तेथे गुपचूप बाळंत होता येई. काशीबाईंचे नाव आपल्याला कळते ते त्यांचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले म्हणून. पुढे डॉक्टर झालेला हाच यशवंत १८९७ च्या प्लेगात रोग्यांवर उपचार करीत होता आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. बाकीच्या बायकांचे काय? नाव झाकून ठेवणे हेच तर त्या गृहाचे वचन होते! तेव्हा भिंतीतला एक कोनाडा रिकामाच ठेवावा आणि तो रिकामा का, ते खाली लिहावे. बनावट नावे घालून तो भरू नये.

आता वास्तूविषयी. लाकडी खांबांना खिळे ठोकू नयेत. फलक स्वतःच्या पायांवर उभे करावेत. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये, ओल आत कोंडते. जुने कापड आणि कागद यांवर ऊन पडू देऊ नये, रंग उडतो. दिवाही मंदच हवा. ही काळजी कशासाठी? बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुल्यांची मुलींची शाळा भरली. तो मोडकळीस आलेला वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. स्मारक होईल, पण मुलींनी ओलांडलेला तो उंबरठा आता कोणाला दाखविता येणार नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावातील पडक्या वाड्यातही हे करता येते. मुलांना म्हाताऱ्या बायकांकडे पाठवा. वस्तूचे नाव, ती कोण वापरी, कोठून आली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणू द्या. आणि पाटीवर 'पाटलांच्या घरचे जाते' असे लिहिण्याआधी ते दळीत कोण होते, एवढे विचारायला सांगा.