पाव सेकंद उशिरा

१२ मार्च १९९७, फिलाडेल्फिया. चेंडू ॲलन आयव्हर्सनच्या हातात आहे; व्यावसायिक बास्केटबॉलमधलं त्याचं हे पहिलंच वर्ष. समोर शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन. आयव्हर्सन चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकतो, जेमतेम वीतभर, अंदाज घेतल्यासारखा. जॉर्डन त्या बाजूला किंचित कलतो. आयव्हर्सन पुन्हा तसंच करतो, पण या वेळी खांदा, डोकं सगळं झोकून. जॉर्डनचं वजन तिकडे जातं न जातं तोच चेंडू उलट्या हातात आलेला असतो आणि आयव्हर्सन मोकळा होऊन उडी मारतो. जॉर्डन सावरून हात उंचावतो खरा, पण चेंडू बास्केटमध्ये पडतो.

हुलकावणीच्या या काही सेकंदांचं चित्रण लाखो लोकांनी पाहिलं आहे. तो सामना बुल्सने जिंकला हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. जॉर्डन म्हणजे काही बचावातला कच्चा गडी नव्हे. १९८८ साली तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता आणि कारकिर्दीत नऊ वेळा सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली. त्याचं असं झालं याचं कारण त्याच्या मज्जासंस्थेत आहे, आणि ती तुमच्याआमच्यापेक्षा फार वेगळी नव्हती.

डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ओळखायचं, काय करायचं ते ठरवायचं, मग मज्जारज्जूतून आदेश पायापर्यंत पोहोचायचा. दिवा लागताच बटण दाबा, इतकं सोपं काम दिलं तरी निरोगी तरुणाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. सरावाने त्यात थोडीच घट होते. त्यात निवड करायची असेल, म्हणजे डावीकडे की उजवीकडे की वर, तर वेळ आणखी वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की पर्यायांची संख्या दुप्पट झाली, की हा वेळ साधारण ठरावीक मापाने वाढत जातो. आता साधा हिशेब करू. आक्रमक सेकंदाला ४ मीटर वेगाने निघाला आणि बचावपटू पाव सेकंदाने उशिरा हलला, तर दोघांमध्ये एक मीटरचं अंतर पडतं. बास्केटबॉलमध्ये एक मीटर म्हणजे थेट रिंगपर्यंतचा रस्ता.

आयव्हर्सनने याच्याही पुढची चाल केली. एका इशाऱ्याला प्रतिसाद देण्यात मेंदू गुंतलेला असताना लगेच दुसरा इशारा मिळाला, तर दुसरा प्रतिसाद नेहमीपेक्षा लांबतो. टेलफर्ड या संशोधकाने हे १९३१ मध्येच नोंदवलं होतं. मेंदूतला निर्णयाचा मार्ग अरुंद आहे, दोन निर्णय तिथून जोडीने जात नाहीत. पहिली हूल खरी वाटली पाहिजे आणि दुसरी चाल तिच्या पाठोपाठ, सेकंदाच्या काही दशांशांत आली पाहिजे. क्रॉसओव्हर म्हणतात तो डाव याच फटीतून निसटतो.

तेव्हा ‘चपळाईने प्रतिक्रिया दे’ हा सल्ला बचावाच्या कामाचा नाही. प्रतिक्रियेच्या शर्यतीत बचावपटू आधीच हरलेला असतो. कुठे हलायचं हे आक्रमकाला ठाऊक असतं, याला ते कळायचं असतं. कुठलाही प्रशिक्षक पहिल्या आठवड्यात ज्या गोष्टी घोकून घेतो, म्हणजे गुडघे वाकव, पाय फाकव, नजर कमरेवर ठेव, माणूस आणि रिंग यांच्या मध्ये राहा, त्या सगळ्या या पाव सेकंदाच्या तजविजी आहेत. बरेचदा प्रशिक्षकांनाही कारण सांगता येत नाही, तरी त्या बरोबर असतात. एखाददुसरी चुकीचीही असते, तिच्याकडे येतोच.

सगळ्यात स्वस्त तजवीज भूमितीची. समजा आक्रमक रिंगपासून ६ मीटरवर आहे आणि बचावपटू त्याच्या व रिंगच्या मध्ये, ५ मीटरवर. आक्रमक रिंगभोवती वळसा घेऊ लागला, तर त्याच्या दर ६ पावलांमागे बचावपटूला ५ पुरतात, कारण त्याचं वर्तुळ लहान आहे. मधलं मीटरभर अंतरही उशिराची भरपाई करतं. पण अंतर फुकट मिळत नाही. समोरचा लांबून नेम साधणारा असेल, तर तेवढ्या जागेत तो निवांत उडी मारून चेंडू फेकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे. तिथून सहज फेकणारा आणि तिथून कधीच न फेकणारा यांच्यासमोर एकाच अंतरावर उभं राहणारा बचावपटू खेळाचा विचार करत नाही असंच म्हणावं लागेल.

दुसरी तजवीज उभं राहण्याच्या कोनाची. छाती समोरच्याच्या छातीला अगदी समांतर ठेवली, तर दोन्ही बाजू सारख्याच उघड्या राहतात. त्याऐवजी त्याच्या पक्क्या हाताच्या बाजूला अर्धं शरीर सरकवलं, की त्याला कच्च्या हाताकडे किंवा बाजूच्या रेषेकडे जावं लागतं. १५ मीटर रुंदीच्या मैदानात ती रेषा कधी फसत नाही, दमतही नाही. या कोनाने आक्रमकाची अडचण होते हे सगळेच सांगतात. बचावपटूच्या स्वतःच्या मेंदूचं ओझंही त्याने हलकं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. दोन समान शक्यतांतली एक जवळजवळ बाद झाली, की हिकच्या नियमाप्रमाणे उरलेल्या शक्यतेला दिलेला प्रतिसाद लवकर येतो.

आता पाय. शरीर आडवं ढकलणारं बल जमिनीकडूनच मिळतं, बूट आणि फरशी यांच्यातल्या घर्षणातून. उजवीकडे जायचं तर डाव्या पायाने डावीकडे रेटावं लागतं, आणि तो पाय शरीराच्या गुरुत्वमध्यापासून पुरेसा बाजूला असेल तरच रेटा आडवा लागतो. पाय जवळ असतील, तर आधी एक पाऊल बाजूला टाकावं लागतं, मग रेटायचं. पाव सेकंदात आणखी भर पडली. गुडघ्यांचंही तसंच. सरळ पाय आणखी ताणता येत नाही. तो आधी वाकवावा लागतो, म्हणून तो वाकवूनच उभं राहायचं. मांड्या भरून येतात, पण त्याला इलाज नाही.

जपानमधले संशोधक केइसुके फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फरशीखाली बल मोजणारी उपकरणं बसवून एकास-एक झुंजी तपासल्या. आक्रमक वळला त्या क्षणी बचावपटू जमिनीवर वजनापेक्षा बराच जास्त दाब देत असेल, म्हणजे जोरात पाऊल आपटून स्थिरावत असेल, तर त्याला अडवणं जड जात होतं. तो दाब बेताचा असेल तर तो वेळेवर हलू शकत होता. रुतलेला पाय आधी मोकळा करावा लागतो, असा याचा सरळ अर्थ. टेनिसपटू प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याच्या वेळी एक छोटी उडी घेतात, तीही पाय योग्य क्षणी हलके व्हावेत म्हणूनच. बचावात मात्र तसं उडत राहणं धोक्याचं, कारण आक्रमक कधी वळेल याची वेळ ठरलेली नसते. म्हणून पावलं आखूड, जमिनीलगत, सरकवल्यासारखी.

आणि ती चुकीची शिकवण. ‘पाय कधीच ओलांडू नको, सरकतच राहा’ असं अनेक मैदानांवर अजून ओरडून सांगितलं जातं. दोन-तीन मीटरपर्यंत हे ठीक आहे. आक्रमक पूर्ण वेगाने पळू लागला, की सरकणाऱ्या माणसाला तो वेग गाठता येत नाही. बाजूला सरकण्याची कमाल गती सरळ धावण्याहून खूपच कमी असते. तेव्हा कंबर वळवायची, सरळ धावायचं आणि पुढे जाऊन पुन्हा समोर उभं राहायचं. उत्तम बचावपटू हेच करतात, कोणी काहीही शिकवलेलं असो.

नजर कुठे ठेवायची यामागे न्यूटन उभा आहे. डोकं, खांदे, डोळे, हात, चेंडू हे सगळं शरीराच्या आतल्या बलांनी हवं तसं हलवता येतं. गुरुत्वमध्य मात्र जमिनीला रेटल्याशिवाय बाजूला हलत नाही. म्हणजे खोटं बोलण्याची मुभा वरच्या अर्ध्या शरीराला आहे, कमरेला फारच थोडी. सेबास्तियाँ ब्रो, कॅथी क्रेग आणि सहकाऱ्यांनी रग्बीतल्या हुलकावण्यांचा अभ्यास करून हेच टिपलं. हूल देताना खेळाडू डोकं आणि धड बरंच हलवतात, पण गुरुत्वमध्य जवळजवळ ढळू देत नाहीत. नवखे वरच्या हालचालींना फसतात, मुरलेले खेळाडू गुरुत्वमध्यावरून खरी दिशा ओळखतात. कबड्डीत चढाईवाल्याच्या हाताच्या हुलीला न भुलणारा बचावपटू पाहिला असेल, तर हे कौशल्य तुम्ही आधीच पाहिलेलं आहे.

डोळ्यांपेक्षा जलद एक मार्ग आहे: स्पर्श. स्पर्शाला दिलेली प्रतिक्रिया दृश्याला दिलेल्या प्रतिक्रियेपेक्षा साधारणपणे लवकर येते. पूर्वीचे बचावपटू आक्रमकाच्या कमरेवर हात टेकवून ठेवत. त्याने तो अडायचा हे तर झालंच, पण तो कुठे वळतोय हे तळव्याला आधी कळायचं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने २००४-०५ च्या हंगामापासून या हाताळण्यावर कडक बंदी आणली आणि बाहेरून घुसणाऱ्या छोट्या खेळाडूंचे दिवस आले. नियम बदलला तेव्हा चर्चा झाली ती धक्काबुक्कीची. बचावपटूंचं एक ज्ञानेंद्रियच काढून घेतलं गेलं, हे फार कुणी बोललं नाही.

मग उरतं ते आधीच माहीत असणं. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिये हा याचा नमुना. फार वेगवान नाही, फार उंच उडणारा नाही, गुणही बेताचे. २००९ मध्ये मायकेल लुईसने त्याच्यावर लिहिलेला दीर्घ लेख गाजला. संघाचे विश्लेषक बॅटियेला प्रतिस्पर्ध्यांची आकडेवारी देत: हा कुठून फेकतो तेव्हा चुकतो, कुठल्या हाताला गेला की मंदावतो. कोबी ब्रायंटसमोर उभा असताना चेंडू हिसकावण्याच्या किंवा अडवण्याच्या भानगडीत बॅटिये पडत नसे. तो कोबीला त्याच्या सर्वांत कमी फायद्याच्या जागी ढकलत न्यायचा आणि त्याने उडी घेतली, की चेंडूऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे हात धरायचा. कोबी तरीही अनेकदा गुण करायचा. पण दर प्रयत्नाला तो थोडा कमी फलदायी ठरायचा, आणि हंगामभराच्या हिशेबात तेवढंच मोजलं जातं.

अंदाजाची ही ताकद शरीरातून येते, नुसत्या कागदावरून नाही. इटलीतल्या साल्वातोरे आल्योती यांच्या गटाने २००८ मध्ये मुक्त फेकीची चित्रफीत मध्येच थांबवून विचारलं, चेंडू आत जाईल की नाही? निष्णात खेळाडू प्रशिक्षकांपेक्षा आणि क्रीडा पत्रकारांपेक्षा लवकर आणि जास्त अचूक सांगू शकले, तेही चेंडू हातातून सुटण्याआधी, फेकणाऱ्याच्या शरीराच्या हालचाली पाहून. प्रशिक्षक आणि पत्रकार यांनीही वर्षानुवर्षं खेळ पाहिला होता. खेळणाऱ्यांच्या मेंदूने तो वेगळ्या रीतीने साठवलेला होता.

मग थांबण्याचा प्रश्न. दुसरीकडे मदतीला गेलेला बचावपटू आपल्या माणसाकडे परत धाव घेतो, त्याला क्लोजआउट म्हणतात. शाळेतलं सूत्र इथे उपयोगी पडतं: थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सेकंदाला ६ मीटर वेगाने आलेला माणूस दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद अशा मंदनाने थांबला, तर त्याला ३ मीटर लागतात. तोच वेग ४ मीटरवर आणला, तर सव्वा मीटरपेक्षा थोडंच जास्त. म्हणून शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग मोडायचा, पाय फाकवून, भराभर छोटी पावलं टाकत. जे मोडत नाहीत ते समोरच्याच्या बाजूने सरळ निघून जातात. प्रेक्षकांत हशा पिकतो.

तसाच हशा फसव्या फेकीला भुलून उडणाऱ्यावर पिकतो. ६० सेंटिमीटर उंच उडी मारली, की माणूस सुमारे ०.७ सेकंद हवेत असतो. तेवढा वेळ त्याच्या पायाखाली जमीन नाही, म्हणजे दिशा बदलण्याचं साधनच नाही. पाव सेकंदाच्या उशिराचं तो जवळजवळ पाऊण सेकंदाचं नुकसान करून घेतो. आक्रमकाचे पाय जमिनीवर असेपर्यंत आपले सोडायचे नाहीत, हा नियम ऐकायला सोपा आहे आणि थकव्यात सर्वांत आधी मोडतो.

उंचावलेल्या हाताचाही एक भौमितिक परिणाम आहे. रिंगचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, चेंडूचा जवळपास २४. रिंगला न लागता स्वच्छ आत जायचं तर चेंडू आडव्या रेषेशी किमान ३२ अंशांच्या आसपास कोनाने खाली यावा लागतो. समोर उंच हात असला, की फेकणारा सवयीपेक्षा उंच कमान काढतो. उंच कमान मुळात वाईट नाही, रिंग तिला जास्त उघडी मिळते. पण हाताला सवय असते वेगळ्या वेगाची, वेगळ्या कोनाची, आणि हजारो वेळा घोटलेली फेक त्या क्षणी नव्याने जुळवावी लागते. चेंडूला हात न लावताही बचाव झाला तो असा.

ब्लॉक, म्हणजे फेकलेला चेंडू हवेतच अडवणं, ही बचावातली सर्वांत देखणी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत जास्त किंमत लावली गेलेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळून गेले. पेसर्सचा माइल्स टर्नर आदल्या हंगामात सामन्यामागे ब्लॉकच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आला होता. असे खेळाडू चेंडू भिरकावून देतात तेव्हा स्टेडियम उसळतं. पण चेंडू बाहेर गेला, की तो पुन्हा आक्रमकांनाच मिळतो.

१९५६ ते १९६९ बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळलेल्या बिल रसेलला हे पक्कं कळलं होतं. तो चेंडू आपटून बाहेर घालवण्याऐवजी हलकेच टोलवून मैदानातच ठेवायचा, शक्यतो आपल्याच सहकाऱ्याच्या दिशेने, आणि तिथून सेल्टिक्सचा प्रतिहल्ला सुटायचा. १३ हंगामांत ११ विजेतेपदं. पण त्याचा खरा फायदा न झालेल्या ब्लॉक्समध्ये होता. रिंगखाली रसेल दिसला, की घुसणारा खेळाडू क्षणभर घुटमळायचा: फेकू, की देऊ, की मागे फिरू? पर्याय वाढले, निर्णय लांबला. एरवी बचावपटूच्या माथी असलेला उशीर आता आक्रमकाच्या माथी यायचा. एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा रसेलला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. घुटमळण्याचा रकाना तर आजच्याही गुणपत्रकात नाही.