उष्णता अनुकूलन (व्यायाम)

उष्णता अनुकूलन म्हणजे उष्ण हवेत वारंवार शारीरिक श्रम केल्यामुळे शरीरात घडून येणारे आणि उष्णता सहन करण्याची क्षमता वाढवणारे बदल होत. व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, क्रीडावैद्यक आणि भौतिकोपचार या शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास केला जातो. हे बदल साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत घडतात आणि सराव थांबल्यास काही आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे उष्ण प्रदेशात राहणे आणि उष्णतेत व्यायाम करण्यास शरीर सज्ज असणे या दोन भिन्न गोष्टी मानल्या जातात. महाराष्ट्रातील अमरावती, अकोला आणि लगतच्या वऱ्हाडी जिल्ह्यांत उन्हाळ्यातही मैदानी सराव करणारे खेळाडू व भरतीचे उमेदवार मोठ्या संख्येने असल्याने तेथे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

शरीरातील उष्णतेचा ताळेबंद

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा सुमारे चतुर्थांश किंवा त्याहून कमी भाग हालचालीसाठी कामी येतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. ६० किलोग्रॅम वजनाचा धावपटू ताशी १२ किलोमीटर वेगाने धावल्यास तासाला सुमारे ७२० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते आणि त्यातील ५५० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते.

हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंश सेल्सिअसपेक्षा, अधिक झाले की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते. अशा वेळी बाष्पीभवन हाच उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग उरतो. घाम नुसता ओघळून गेला तर त्याचा उपयोग होत नाही. तो त्वचेवर वाळावा लागतो.

वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला हे देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील कमाल तापमान अनेकदा ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. मे २०२४ अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जिल्हा प्रशासनाने कलम १४४ अन्वये आदेश काढले होते.

एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडातील हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळते, म्हणूनच वाळ्याच्या ताट्या आणि कूलर अकोल्यात उपयोगी पडतात, तर मुंबईच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही. घामालाही हाच नियम लागू होतो. मात्र कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच उडून जात असल्याने आपल्या शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज धावणाऱ्याला येत नाही.

जूनमध्ये पहिल्या सरींनंतर तापमान उतरते, परंतु दमटपणा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. त्यामुळे तापमापकावरील आकडा कमी झाला तरी व्यायाम करणाऱ्याचा धोका त्याच प्रमाणात कमी होत नाही. या कारणासाठी क्रीडाक्षेत्रात केवळ हवेचे तापमान न पाहता दमटपणा, वारा व ऊन यांचा एकत्रित विचार करणारा निर्देशांक वापरतात. ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोलातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के भार देऊन तो काढला जातो. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण तळांवरील उष्माघात टाळण्यासाठी १९५०च्या दशकात तो विकसित झाला.

शरीरात होणारे बदल

पहिल्या तीन ते सहा दिवसांत रक्तातील प्लाझ्माचे प्रमाण वाढते. त्यामुळे त्वचेकडे आणि स्नायूंकडे एकाच वेळी रक्त पुरवणे हृदयाला सोपे जाते व त्याच वेगाने धावताना नाडीचे ठोके कमी पडतात. पुढील आठवडाभरात घाम लवकर सुटू लागतो, त्याचे प्रमाण वाढते आणि त्यातील क्षार कमी होतात. व्यायामादरम्यान शरीराच्या गाभ्याचे तापमान पूर्वीपेक्षा कमी राहते. घाम वाढल्याने अनुकूलित व्यक्तीची पाण्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

सराव थांबल्यास ही कमाई दिवसाला सुमारे अडीच टक्के या गतीने घटते, असे संशोधनांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. दुपारभर कूलरसमोर बसून फक्त थंड पहाटे धावणाऱ्या तरुणाचे अनुकूलन त्यामुळे अपुरे राहू शकते, मग तो वऱ्हाडात जन्मलेला का असेना.

सरावाची पद्धत

अनुकूलनासाठी १० ते १४ दिवस रोज ६० ते ९० मिनिटे उष्ण हवेत व्यायाम सुचवला जातो. सुरुवातीचे दिवस वेग व वेळ दोन्ही कमी ठेवून ते टप्प्याटप्प्याने वाढवतात. यासाठी भर दुपारचे ऊन आवश्यक नसते. वऱ्हाडात सकाळी उशिराचे किंवा सायंकाळचे तापमानही पुरेसे असते.

अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागाला व्यायामशिक्षणाची दीर्घ परंपरा लाभली आहे. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. आखाड्यातील मेहनत पहाटे व सायंकाळी करण्याची जुनी रीत उष्णतेच्या दृष्टीनेही सयुक्तिक आहे.

भरतीच्या चाचण्यांमध्ये हा प्रश्न तीव्र होतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीतील ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. पुढे नियम बदलले. शिपाई पदासाठी आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. २०२४ मधील मैदानी चाचण्याही १९ जूनपासून, म्हणजे उष्मा आणि दमटपणा एकत्र येण्याच्या काळात, सुरू झाल्या. अंतर कमी असले तरी जीव तोडून धावताना उष्णता अतिशय वेगाने निर्माण होते.

श्रमजन्य उष्माघात

गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन असंबद्ध बोलणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसल्यास तो उष्माघात समजला जातो. श्रमजन्य उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. त्यामुळे ‘अंग कोरडे नाही म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक ठरतो.

अशा रुग्णाला आधी थंड करणे आणि मग रुग्णालयात नेणे हे मान्य तत्त्व आहे. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवणे ही सर्वांत परिणामकारक पद्धत आहे; टाकी नसल्यास सर्वांगावर सतत थंड पाणी ओतून वारा घालतात. अर्ध्या तासात तापमान उतरवणे निर्णायक असते. अमेरिकेतील फाल्मथ येथील शर्यतीत १८ वर्षांत नोंदल्या गेलेल्या २७४ रुग्णांवर या पद्धतीने उपचार झाले आणि त्यांतील एकही दगावला नाही. बरे झाल्यावर किमान आठवडाभर व्यायाम वर्ज्य असतो आणि त्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने, भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सराव पुन्हा सुरू केला जातो.

प्रचलित समजुती

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. डोक्याला ओला दुपट्टा बांधणे मात्र बाष्पीभवनामुळे उपयोगी ठरते. मीठ घातलेले ताक व कैरीचे पन्हे यांतून पाणी आणि सोडियम दोन्ही मिळतात. दीर्घकाळ धावताना केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिणेही धोक्याचे असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले होते. तहान, व्यायामापूर्वीचे व नंतरचे वजन आणि लघवीचा रंग यांवरून पाण्याची गरज ठरवणे अधिक सुरक्षित मानले जाते.