फ्लाइट नऊ तासांची, वाट तेहतीस तासांची!

लंडन ते मुंबई म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. नॉनस्टॉप फ्लाइट साधारण ९ तासांची. दोन पिक्चर, एक जेवण, एक डुलकी, की आलंच! परत जाताना मात्र थोडा वेळ जास्त धरा. उंचावरचे पश्चिमी वारे येताना विमानाला ढकलतात, जाताना अडवतात.

हे गणित मला तोंडपाठ. त्यामुळे २००९ साली बाबांना अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला, तेव्हा मी आईला बिनधास्त सांगून टाकलं, ‘नऊ तासांत पोचतो.’

पण बॉस, आमचं घर बुलढाण्यात! शहरात ना विमानतळ, ना रेल्वे स्टेशन. सकाळी मुंबईत उतरलो, तर विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी. मलकापूरपर्यंत जवळपास ५०० किलोमीटर, आठ तास. पहाटे तीनला स्टेशनबाहेर सामसूम. उजाडल्यावर एसटी मिळाली, आणि राजूर घाट चढून एकदाचा पोचलो. घर ते घर, तेहतीस तास!

बाबा सावरले होते. आई मात्र नवव्या तासापासून हॉस्पिटलच्या पायरीवर बसून होती.

आता चित्र बदललंय. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून, मेहकरजवळून जातो. तरी एक सवय कायमची लागली. घरच्यांना मी फ्लाइटचा टाइम सांगतच नाही. उंबरठ्यावर कधी पोचेन, तेवढंच सांगतो. तुम्हीही तेच सांगा!