टाकी भरली, तरी नळाची धार बारीक का?

वसई-विरारकरांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेचे पाणी २०२३ च्या अखेरीस शहराला मिळू लागले. मात्र शहरात आलेले पाणी स्वयंपाकघरापर्यंत नेण्याचे काम इमारतीतील पाइपांचे असते, आणि अनेक जुन्या सोसायट्यांत पाणी अडते ते नेमके तेथेच.

जुन्या इमारतींत प्रामुख्याने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, म्हणजे जीआय पाइप आढळतात. मुलामा झिजला की आतून गंज चढतो. किनारपट्टीलगतच्या विहिरींचे वा बोअरचे मचूळ पाणी टाकीत मिसळत असेल, तर गंजाचा वेग वाढतो. गंजाच्या थराने पाइपाचा आतील व्यास निम्म्यावर आला, तर पाण्याची वाट निम्मी नव्हे, एक-चतुर्थांशच उरते.

त्याचा पहिला फटका सर्वांत वरच्या मजल्याला बसतो. टाकीतील पाणी नळापेक्षा दहा मीटर उंचावर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्याला ही उंची जेमतेम दोन-तीन मीटर लाभते. साहजिकच थोडासा अडथळाही तेथे जाणवतो. अशा वेळी प्रेशर पंप बसवण्याचा मोह होतो. परंतु वाढीव दाबाने जीर्ण पाइपांना गळती लागण्याची भीती असते.

एका सदनिकेतील पाइप बदलून डक्टमधील उभा पाइप तसाच ठेवल्यास खर्च वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून निर्णय सोसायटीने एकत्रित घ्यावा. थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी चालते; गिझरच्या गरम पाण्यासाठी मात्र सीपीव्हीसीच हवे. दोहोंचे सोल्व्हंट सिमेंट वेगवेगळे असते व जोड पक्का होण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो. गच्चीवरील पाइपांना उन्हापासून संरक्षण म्हणून रंग अथवा आवरण आवश्यक आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भिंत बुजवण्यापूर्वी पाइपांत पाणी भरून दाबाची चाचणी घ्यावी आणि उघड्या पाइपांची छायाचित्रे सोसायटीच्या दप्तरी ठेवावीत. फरशी बसल्यानंतर सापडलेली गळती दुरुस्त करायची, तर नवी भिंत पुन्हा फोडावी लागते.