मुखपृष्ठ आधी तुमच्याकडे बघतं

सलवातल्या जमियात सामान घ्यायला गेलात आणि मासिकांची मांडणी दिसली, तर दोन मिनिटं थांबा. मुलगी सोबत असेल तर उत्तमच. फॅशनच्या मासिकांवरचे बहुतेक चेहरे थेट तुमच्याकडे बघत असतात. फोटो काढताना मॉडेलने कॅमेऱ्याच्या भिंगात पाहिलं, की तुम्ही डावीकडून या नाहीतर उजवीकडून, ती तुमच्याकडेच बघतेय असं वाटतं. कुणी रोखून पाहिलं की पाय थबकतात. इथेही तेच होतं.

मासिकाचं नाव सगळ्यात वर असतं, कारण अंक एकामागे एक लावले की वरची पट्टीच दिसते. नाव चांगलंच ओळखीचं असेल, तर मॉडेलचं डोकं त्यातली दोन अक्षरं खुशाल झाकतं. अरबी मासिकं मात्र उजवीकडून उघडतात, म्हणजे आपण ज्याला मागचं पान म्हणू, तिथे त्यांचं मुखपृष्ठ. इथे अरबी शिकणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही. आपल्यालाच लागतं!

मराठीला हा खेळ जुना आहे. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. पुढे अंक वाढले आणि स्टॉलवर उठून दिसण्याची चढाओढही वाढली. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया पाहून कितीतरी घरांत अंक यायचा, आणि आत आल्यावर मग कथा-कविता वाचल्या जायच्या. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने वेगळीच शक्कल लढवली, ती खिडकीचित्रांची. पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसतं. पान उलटावं, तर आत भलतंच साधं चित्र! अर्धं दाखवायचं आणि अर्धं झाकायचं. आजची मासिकं हेच काम शब्दांनी करतात: 'तिचं गुपित, पान अमुक'.

पण मुखपृष्ठ आणखी एक गोष्ट ठरवतं, ती म्हणजे मधोमध कोण. 'व्होग'ची भारतीय आवृत्ती 2007 मध्ये आली. पहिल्याच अंकावर मध्यभागी ऑस्ट्रेलियन मॉडेल गेमा वॉर्ड होती, आणि दोन बाजूंना बिपाशा बसू व प्रियांका चोप्रा. मासिक भारताचं आणि मधली जागा पाहुणीला. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुली हे सगळं न बोलता टिपतात. म्हणून त्यांना सरळ सांगा, की छपाईआधी संगणकावर त्वचेवरचे डाग पुसतात, रंग उजळतात, कधी कंबरही बारीक करतात. आरशासमोर उभी राहून मुलगी ज्या चेहऱ्याशी स्वतःची तुलना करते, तो त्या मॉडेलचासुद्धा नसतो.

यंदा भारतातून कुणाच्या बॅगेतून दिवाळी अंक आले, की एक करून बघा. देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलांसमोर तीन-चार अंक ठेवा. फक्त चित्र बघून आत काय असेल, ते त्यांना ओळखू द्या. मग अनुक्रमणिका उघडा आणि कुणाचा अंदाज बरोबर आला, ते त्यांनाच वाचून शोधायला सांगा.