घरातली यंत्रे, नवी कामे — लेखांक ९ : ओट्याशेजारचा लॅपटॉप

मराठी स्वयंपाकघरात रोजची माहिती भिंतीवर टांगलेली असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून तिथी, एकादशी, दुधाचा हिशेब आणि सिलिंडर कधी लावला त्याची खूण एकाच कागदावर येऊ लागली. पान उलटले की मागे पाककृती. त्याच्या तीन वर्षे आधी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि फळीवर डब्यांच्या रांगेत एका पुस्तकाची जागा ठरून गेली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हात ओले असताना, उभ्याउभ्या, मान न वाकवता वाचता यावे ही गरज तेव्हाही होती.

आज ही माहिती फोनमध्ये गेली आहे. पण फोन ओट्याजवळ राहत नाही. घरात चांगला फोन एकच असेल तर तो सकाळी कामावर निघून जातो, नाहीतर मुलांच्या हातात असतो. हाताशी असला तरी कणकेच्या बोटांनी त्याचे कुलूप उघडत नाही आणि पाच-सहा इंचांच्या पडद्यावरचे प्रमाण चार फुटांवरून दिसत नाही. त्याच वेळी कपाटात, साड्यांच्या घडीखाली किंवा पलंगाच्या पेटीत, एक लॅपटॉप पडून असतो. कुणी कॉलेजला असताना घेतलेला, आता बॅटरी न धरणारा, बिजागरी मोडलेला, सुरू व्हायला दहा मिनिटे लावणारा.

गेल्या आठवड्यात जुन्या राउटरचा विषय झाला. या लेखात त्या लॅपटॉपची पाळी, आणि जागा केळापूरची. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या या तालुक्याचे ठाणे पांढरकवड्याला. नागपूर-हैदराबाद महामार्ग इथून जातो, पुढे पाटणबोरी ओलांडली की तेलंगण लागते. जगदंबेच्या देवळासाठी लोक केळापूरला येतात, नवरात्रात तर गर्दीच. कापसाचा मुलूख, मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे ऊन, उन्हाळ्यात हमखास जाणारी वीज. स्वयंपाकघरातला संगणक इथे टिकला तर महाराष्ट्रात कुठेही टिकेल, म्हणून हे ठिकाण मुद्दाम निवडले आहे.

स्वयंपाकघरात संगणक आणण्याची खटपट जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या नीमन मार्कस या महागड्या दुकानाने आपल्या नाताळच्या सूचीत हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ छापला. किंमत १०,६०० डॉलर, वजन पंचेचाळीस किलोंहून अधिक. पाककृती साठवण्यासाठी म्हणून तो विकायला ठेवला होता, पण माहिती द्यायची ती खटक्यांनी आणि उत्तर वाचायचे ते लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. तो चालवायला शिकण्यासाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. त्यातला एकही कुणाच्या स्वयंपाकघरात पोहोचल्याची नोंद नाही. २००० साली थ्रीकॉम कंपनीने ‘ऑड्री’ नावाचे सुबक यंत्र खास ओट्यासाठी काढले आणि वर्ष व्हायच्या आत बंद केले. दोन्ही यंत्रे मुद्दाम स्वयंपाकघरासाठी बनवलेली आणि म्हणून महाग होती. घरात आधीच असलेल्या, ज्याचे पैसे कधीच फिटले आहेत अशा यंत्राला हा अडथळा नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे फार उपयोगी पडते. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या वस्तीवरच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. प्रकल्पाच्या यशापयशावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या यंत्राची बांधणी आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. कीबोर्ड रबराच्या अखंड पापुद्र्याखाली होता, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नसे. पडदा फिरवून पाठीवर मिटता येई आणि भर उन्हातही वाचता येई. धूळ, उष्णता आणि बेभरवशाची वीज गृहीत धरून कुणीतरी विचारपूर्वक केलेले ते काम होते. जुन्या लॅपटॉपला ओट्याजवळ न्यायचे तर याच गोष्टी जमेल तेवढ्या साधायच्या असतात.

पहिले काम बॅटरी काढण्याचे, आणि ते टाळायचे नाही. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. केळापूरच्या उन्हाळ्यात शेगडीजवळची हवा सहज तिथवर जाते. जुन्या बॅटरीत आत वायू साठून ती फुगते. टचपॅड वर उचललेले दिसले किंवा खालचे झाकण बसत नसले तर ती फुगली आहे असे समजावे. साधारण २०१३-१४ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपची बॅटरी खालच्या दोन खटक्यांनी निघते. नंतरच्यांत ती आत स्क्रूने बसवलेली असते, ती दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी. बॅटरीविना बहुतेक लॅपटॉप ॲडॉप्टरवर व्यवस्थित चालतात. स्वयंपाकघरात तो एका जागी राहणार असल्याने बॅटरी नसल्याचे काही अडत नाही. वजन, मोडकी बिजागरी, बंद पडलेला कीबोर्ड, हे दोषही इथे बिनमहत्त्वाचे ठरतात.

वीज गेली की मात्र यंत्र झटक्यात बंद होईल. म्हणून हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणे हा या सगळ्या कामातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. तिच्यात फिरणारे काही नसते, झटके आणि उष्णता ती अधिक सोसते आणि दहा मिनिटांत सुरू होणारा लॅपटॉप मिनिटभरात सुरू होतो. कमी दाबाच्या विजेची मात्र फार काळजी नको. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, तेवढ्या चढउतारात तो काम करतो. असा लॅपटॉप साधारण ३० वॅट वीज घेतो. रोज चार तास चालला तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या थोडे वर.

आता जागा. स्वयंपाकघरात ओट्याची इंच न इंच मोलाची असते. तिथे लॅपटॉप पसरून ठेवला तर पोळपाट कुठे ठेवायचा? जिथे भिंतीवर प्लायची कपाटे आहेत, तिथे लॅपटॉप पालथा करून कपाटाच्या तळाला ॲल्युमिनियमच्या एल-पट्ट्यांमध्ये सरकवता येतो. उघडला की पडदा खाली लोंबतो, काम झाले की वर मिटतो. चित्र उलटे दिसते, ते डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १८० अंशांत फिरवायचे. हवेच्या जाळ्या बहुधा लॅपटॉपच्या तळाला असतात, म्हणून कपाट आणि लॅपटॉप यांच्यात दोन बोटे फट हवीच.

केळापूर-पांढरकवड्याकडच्या पुष्कळ घरांत मात्र अशी कपाटे नसतात. कडप्प्याच्या फळ्या असतात, आणि कडप्प्याला भोक पाडायला गेले की तो तडकतो. तिथे दुसरी रीत बरी. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपची बिजागरी पूर्ण सपाट उघडते. असा लॅपटॉप सपाट उघडून, वर पडदा आणि खाली कीबोर्ड अशा बेताने भिंतीवरच्या पट्ट्यांत उभा बसवला तर तो भिंतीपासून जेमतेम दोन इंच पुढे येतो. बिजागरी आधीच मोडली असेल तर पडद्याला भिंतीचाच आधार मिळतो.

पण भिंत कोणती? शेगडीच्या वरची नाही, नळाजवळची नाही. शेगडीपासून निदान तीन-चार फूट लांब, शक्यतो खिडकीच्या बाजूची, दुपारचे ऊन थेट न येणारी. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये सकाळचा आणि रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत तो चालवावा आणि भर दुपारी बंद ठेवावा. हे बंधन गैरसोयीचे आहे, पण पाळलेले बरे. गॅसची गोष्ट याहून गंभीर आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून ॲडॉप्टरचे सॉकेट सिलिंडरशेजारी, खाली, कधीही नसावे. ओट्याच्या बऱ्याच वर, अर्थिंग असलेले तीन पिनांचे असावे. गॅसचा वास आला तर जसा दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, तसाच लॅपटॉपच्याही नाही.

धूर आणि पीठ हे हळूहळू मारणारे शत्रू. मिरचीची फोडणी, वड्यांचे तळण, भाकरीचे उडणारे पीठ, हे सगळे पंखा आत ओढतो. तेल आणि पीठ मिळून आतल्या जाळीवर चिकट थर बसतो, मग प्रोसेसर तापून आधी मंदावतो आणि नंतर यंत्र आपोआप बंद होते. दर तीन-चार महिन्यांनी मागचे झाकण काढून मऊ ब्रशने पंखा आणि जाळी साफ करावी. झुरळांनाही अशी उबदार फट प्रिय असते, त्यामुळे काम झाल्यावर पडदा मिटलेला किंवा वर सुती फडके टाकलेले बरे. सुरू असताना मात्र काहीही झाकू नये. कीबोर्डवर सिलिकॉनचे आवरण घालावे, आणि वापरायला एक बिनतारी माउस पुरतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला तरी चालतो.

यंत्र बसले, आता त्यात काय घालायचे? विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घ्यावी. तिची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅममध्ये बरी चालते. लॅपटॉपमध्ये काही न बदलता पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, पडदा सगळे चालतेय अशी खात्री झाली की मगच बसवावी, जुने फोटो आणि कागदपत्रे आधी काढून घेऊन. फायरफॉक्स मराठीत चालतो. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी सोयही.

दोन बारीक अडचणी हमखास येतात आणि त्यांपायी चांगले यंत्र पुन्हा कपाटात जाते. एक, वेबसाइट उघडतच नाहीत, सुरक्षेचा इशारा येत राहतो. कारण बहुधा एवढेच असते की आतला बटणाएवढा सेल संपला आहे आणि घड्याळ जुने साल दाखवते आहे. सेल शंभर रुपयांच्या आत येतो. दोन, फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही. जुने लॅपटॉप अनेकदा २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतात आणि नवा फोन ५ वर असतो. फोनमध्ये तेवढे बदलले की जोडणी होते.

रोजच्या वापरात अक्षरे मोठी करून ठेवावीत, झाकण मिटल्याशिवाय पडदा विझू नये अशी सोय करावी. फायरफॉक्सच्या वाचन-दृश्यात जाहिराती निघून जातात आणि फक्त कृती उरते. नेट नसेल तेव्हासाठी आवडीच्या कृती पीडीएफ करून साठवाव्यात. किविक्स या मोफत प्रणालीने मराठी विकिपीडियाही नेटशिवाय वाचता येतो. मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्यांपुढे लॅपटॉपचा आवाज ऐकू येत नाही, एक जुना स्पीकर जोडला की आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या नीट लागतात. बँकेचे व्यवहार मात्र या यंत्रावर करू नयेत, ते सगळ्या घराच्या वावरात असते.

पाककृती पाहण्यापेक्षा त्या लिहून ठेवण्याचे काम या संगणकाने अधिक चांगले होते. पाटवडीचा रस्सा, पानावरचे रोडगे, अंबाडीची भाजी, सांबारवडी, उन्हाळ्यातल्या कुरडया आणि मूगवड्या, यांचे प्रमाण घरोघरी वेगळे आहे आणि ते बहुतेक कागदावर नाही. सासू किंवा आई कुरडयांचा चीक शिजवत असताना लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने ते टिपता येते, शेजारच्या फाइलमध्ये प्रमाण लिहिता येते. पापड-मसाले करणाऱ्या बचत गटाला तर लिब्रेऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यात एकदा सूत्र मांडून ठेवले की पुरते. एक किलो मूगडाळीचे प्रमाण साडेसात किलोंना किती, आणि मालाला खर्च किती आला, हे डाळीचा भाव बदलताच समोर येते. उधारी आणि हातखर्चाची वही त्याच यंत्रात राहते. हिशेब ज्या बाईने केला तिच्याच हाताशी तो असतो, कुणाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही. या सगळ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

जो लॅपटॉप कशानेच सुरू होत नाही त्याचीही वाट ठरलेली आहे. २०२२ साली जगभर ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, त्यांनुसार उत्पादक कंपनीवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, जाळू तर मुळीच नका. ती वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत संकलकाकडे द्या.

पुढच्या लेखांकात जुना मोबाइल आणि शेतातल्या मोटारीची राखण. तोवर कपाटातला लॅपटॉप बाहेर काढा, उलटा करून बॅटरी फुगली आहे का ते आधी पाहा, आणि फुगली नसेल तरच वीज जोडा.